साडेसव्वीस डॉलरचा काळा डाग

गेल्या मंगळवारी मी साडेसव्वीस डॉलर मोजून एक काळा डाग विकत घेतला.

डाग एका पिवळट पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात आहे. त्याच्या खाली दोन सेंटचं लाल तिकीट आहे आणि तिकिटावर जॉर्ज वॉशिंग्टन आहेत, असं मी धरून चाललोय, कारण साहेबांचं फक्त नाक बाहेर राहिलंय. विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'टिन कप, कोलोरॅडो. बंद पडलेलं पोस्ट ऑफिस. दुर्मीळ शिक्का. ठसा किंचित जड.' या 'किंचित'वर मी फसलो. लग्नाच्या स्थळात 'मुलगा किंचित तापट' असं लिहिलेलं असतं ना, त्याच जातीचा हा किंचित.

रात्री जेवणाच्या टेबलावर पाकीट सगळ्यांच्या हातून फिरलं. सूनबाई इथल्या एका दवाखान्यात एक्स-रे वाचायचं काम करते. तिने पाकीट दिव्यासमोर धरलं आणि म्हणाली, "बाबा, फ्रॅक्चर तरी काही दिसत नाही." मुलगा म्हणाला, स्कॅन करून मोठं करून बघू. मोठं केल्यावर मोठा डाग दिसला. नातू म्हणाला, "आजोबा, बॅटमॅन आहे." बायकोने चष्माही लावला नाही. "भाकरी करपली की तव्यावर राहतं ते," म्हणाली आणि आमटी वाढायला लागली.

मला मात्र सुरुवातीला T आणि शेवटी P स्वच्छ दिसतात. मधलं सगळं श्रद्धेवर आहे.

खरं तर या बाबतीत तक्रार करायला मला तोंड नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पोस्टात मी छत्तीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी शिक्के मारण्यात घालवली. डाव्या हाताने गठ्ठा सरकवायचा, उजव्या हाताने पॅड, पत्र, पॅड, पत्र. ठक-ठप, ठक-ठप. बॅग घेऊन जाणारी एसटी नऊ दहाला सुटायची आणि ड्रायव्हर आमच्यासाठी थांबायचा नाही. सकाळी पॅडवर शाई ओतली की पहिल्या पन्नास पत्रांवर गावाच्या नावाऐवजी अमावस्या उमटायची. शेवटच्या पन्नासांवर काहीच उमटायचं नाही. मधल्या पाच-दहा पत्रांवर गावाचं नाव वाचता यायचं, पण तो निव्वळ योगायोग.

हायस्कूलमधले चित्रकलेचे सर तिकिटं आणि शिक्के जमवायचे. कुठल्या जत्रेचा, कुठल्या जयंतीचा दिवस आला की सर हातात दोन पाकिटं धरून खिडकीशी उभे. "जरा नीट मारा हो. तारीख दिसली पाहिजे." मी म्हणायचो, "सर, इथं पत्रं पोचवायची असतात, फोटो काढायचे नसतात." आणि ठप! सर पाकीट उचलायचे, शाई वाळेपर्यंत फुंकर घालायचे, डागाकडे बघायचे आणि काही न बोलता निघून जायचे. मला तेव्हा वाटायचं, माणूस रिकामटेकडा आहे.

आता मी रिकामटेकडा आहे. नातवासाठी म्हणून सहा-सहा महिने आम्ही डेन्व्हरला येऊन राहतो. नातू दिवसभर शाळेत असतो. बायकोने मंडळातल्या बायका जमवून भजन सुरू केलं. मी घरातले दरवाजे, नळ आणि भाजीवाल्या दुकानातले भाव यांवर मतं देत हिंडायचो. मुलाने चार दिवस ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी मला गाडीत घालून रॉकी माउंटन फिलाटेलिक लायब्ररीत नेऊन सोडलं. तिकिटांचं अख्खं ग्रंथालय! तिथे माझ्याच वयाचे चार-पाच गृहस्थ टेबलाभोवती बसले होते. हातात चिमटे, डोळ्यांना भिंगं, समोर जुनी पाकिटं. तिकिटांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे शिक्के वाचत होते. एकाने मला विचारलं, तुम्ही काय करत होता? मी म्हटलं, पोस्टात शिक्के मारत होतो. टेबलावरचे सगळे चिमटे थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नोकरीचं नाव ऐकून कुणी उठून खुर्ची दिली. ती खुर्ची मला महागात पडली.

कारण हा प्रांतच तसा आहे. 1858 साली इथे चेरी क्रीकच्या काठी सोनं सापडल्याची आवई उठली आणि पुढच्याच वर्षी गाड्यांवर 'पाइक्स पीक (हे इथलं शिखर) नाहीतर मसणात' अशा अर्थाच्या पाट्या रंगवून माणसं पश्चिमेला धावली. डोंगरात खाण लागली की महिनाभरात गाव. गाव झालं की दारूचं दुकान, मग किराणा, आणि किराण्याच्या फळीवर एका कोपऱ्यात पोस्ट. खाण आटली की गाव उठलं, पोस्ट बंद. राहिला तो शिक्का, कुणाच्या तरी आत्याच्या पेटीतल्या पाकिटावर. आम्ही त्याच्या मागे.

डेन्व्हरचीच गोष्ट घ्या. हा मुलूख तेव्हा कॅन्सस टेरिटरीत मोडायचा; टेरिटरी म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश. तिथले गव्हर्नर जेम्स डेन्व्हर. साहेब खूश होतील आणि गावाचं कल्याण करतील, म्हणून गाव वसवणाऱ्यांनी गावाला त्यांचंच नाव देऊन टाकलं. नंतर कळलं की साहेब आधीच राजीनामा देऊन गेलेत. हे वाचलं आणि मला डेन्व्हर एकदम आपलं वाटायला लागलं. आमच्याकडेही एका सुपरिंटेंडेंटसाहेबांच्या स्वागताला कमान उभारली होती आणि साहेबांची बदलीची ऑर्डर कमानीच्या आधी येऊन पडली होती.

तर त्या वेळच्या शिक्क्यावर 'डेन्व्हर सिटी, के. टी.' असं असतं. के. टी. म्हणजे कॅन्सस टेरिटरी. 1861 मध्ये कोलोरॅडोची वेगळी टेरिटरी झाली, तिथून सी. टी. सुरू. 1 ऑगस्ट 1876 ला राज्य झालं आणि टी गळाला. म्हणजे गाव तेच, पोस्टही तेच, पण त्या एका टी-पायी पाकिटाची किंमत कुठल्या कुठे जाते. के. टी. माझ्या ऐपतीबाहेर आहे. ते मी ग्रंथालयातल्या काचेपलीकडून बघतो, हलवायाच्या दुकानासमोर मधुमेही उभा राहतो तसा.

त्यातही गंमत अशी, की कित्येक गावांना शिक्काच नव्हता. लहान पोस्टाला सरकार शिक्का द्यायचं नाही, पोस्टमास्तराने स्वतःच्या खर्चाने बनवून घ्यायचा. तो कशाला घेतोय? टाक उचलायचा, कोपऱ्यात गावाचं नाव नि तारीख लिहायची आणि तिकिटावर दोन रेघा ओढायच्या. असा हाताने लिहिलेला शिक्काही इथे जपून ठेवतात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्यातला सरकारी नोकर हादरला. आमच्याकडे असं केलं असतं तर खुलासा मागवला असता!

पुढे पुढे लहान पोस्टांत मास्तराची कमाई किती तिकिटं रद्द झाली त्यावर ठरायची. जितके शिक्के, तितके पैसे. ही पद्धत आमच्या खात्यात असती तर मी आज डेन्व्हरला मुलाकडे राहिलो नसतो, मुलगा माझ्या बंगल्यात राहिला असता.

1901 साली या देशात 76,945 पोस्ट ऑफिसं होती. त्यानंतर हा आकडा उतरतच गेला, कारण 1896 पासून खेड्यात घरोघर टपाल टाकायला सुरुवात झाली होती, आणि पत्र दारात येऊ लागल्यावर किराण्याच्या फळीवरची पोस्टं हजारोंनी मिटली. आमच्यासारख्यांना संधी तिथेच आहे. पैसेही तिथेच जातात.

टिन कपचं नावसुद्धा पोस्टाच्याच भानगडीतून आलंय. टिन कप म्हणजे पत्र्याचा पेला. गावाचं नाव आधी व्हर्जिनिया सिटी होतं. पण नेवाडात एक व्हर्जिनिया सिटी, माँटानात दुसरी, आणि ही तिसरी. पत्रं हिंडायची तिन्हीकडे. शेवटी 1882 मध्ये लोकांनी कंटाळून नाव बदललं. ही डोकेदुखी मला सांगायला नको. पिंपळगाव, वडगाव आणि वाडी या तीन नावांनी माझी अर्धी नोकरी खाल्ली. आपल्याकडे नावं बदलायला कोण तयार होणार? म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकरांनी 1972 साली पिनकोड आणला. वेलणकर संस्कृतचे कवी, आणि नोकरी टपाल खात्यात. ग्रंथालयातल्या मंडळींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वेलणकरांचं नाव चार वेळा म्हणायचा प्रयत्न केला आणि शेवटी वहीत माझ्याकडून लिहून घेतलं. तेवढंच देशाचं काम.

या छंदात घरातलं कुणी सामील व्हावं म्हणून मी फार धडपडलो. रविवारी चहाबरोबर एक एक गोष्ट सोडून बघितली. जॉन डायर नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाची सांगितली. 1864 च्या हिवाळ्यात हा पन्नाशी उलटलेला बाबा पायाला लांब लाकडी पट्ट्या बांधून, टपालाची पिशवी पाठीवर घेऊन तेरा हजार फुटांच्या मॉस्किटो खिंडीतून बर्फ तुडवत जायचा. आठवड्याला अठरा डॉलर. प्रवचनावर पोट भरेना, म्हणून टपाल. आज इथल्या विधानभवनाच्या घुमटात रंगीत काचेवर त्याचं चित्र आहे. नातवाने विचारलं, "ही वॉज स्कीइंग टू वर्क?" आणि तो गेला खेळायला. मुलाने माझ्या सायकलच्या बीटबद्दल आधीच भरपूर ऐकलं असल्यामुळे त्याने फोन काढला.

मग मी लेडव्हिल या इथल्याच खाणींच्या गावातल्या होरेस टेबरची गोष्ट काढली, आणि तिथे गळाला मासा लागला.

टेबर लेडव्हिलचा पहिला पोस्टमास्तर. किराण्याचं दुकान, त्यातच पोस्ट. 1878 मध्ये दोन कफल्लक खाणकऱ्यांना त्याने थोडं सामान उधार दिलं, जे सापडेल त्यातला तिसरा हिस्सा या बोलीवर. त्यांना चांदी सापडली. मास्तर करोडपती झाला, नाट्यगृहं बांधली, महिनाभर का होईना पण वॉशिंग्टनला सेनेटर होऊन आला. मग 1893 ला चांदीचा भाव कोसळला आणि मास्तर सगळ्यासकट खाली. शेवटी ओळखीपाळखीने 1898 मध्ये त्याला नोकरी मिळाली ती डेन्व्हरच्या पोस्टमास्तराची. पुढच्याच वर्षी गेला बिचारा. पोस्टातून निघाला आणि पोस्टात परत आला.

मला हे सांगताना गहिवरून आलं होतं. बायकोने विचारलं, "आणि दुकान कोण बघायचं?"

"त्याची बायको. ऑगस्टा."

"आणि पोस्ट?"

"तेही बरंचसं तीच."

"मग पैसा आल्यावर?"

मला सांगावं लागलं, की पैसा आल्यावर टेबरने तिला सोडलं आणि एका तरुण, देखण्या बाईशी लग्न केलं. बायकोने कप खाली ठेवला. "तिचं काय झालं? ऑगस्टाचं?"

"तिने घटस्फोटात मिळालेले पैसे सांभाळले, वाढवले. तो बुडला. ती मरेपर्यंत श्रीमंत होती."

बायकोच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आमच्या लग्नानंतर दोनदाच पाहिलंय. तेव्हापासून ती माझ्या पाकिटांतलं एकच पाकीट बघायला मागते: लेडव्हिल, 1880. टेबर तोवर पोस्टात नव्हता, हे मी तिला सांगितलेलं नाही.

पाकिटं मिळवायची म्हणजे लिलाव. इथे लिलावाला आपल्याकडच्या बैलबाजारासारखं समोरासमोर बसायचं नसतं. संगणकावर घड्याळ उलटं चालत असतं आणि कुठल्या तरी गावात बसलेला कुणी अदृश्य दुश्मन शेवटच्या तीन सेकंदांत पन्नास सेंट जास्त टाकून पाकीट उचलतो. मी नातवाला बोटाच्या वेगासाठी नेमलंय. त्याचा दर आठवड्याला एक आइस्क्रीम. एकदा त्याने भलताच शून्य दाबला आणि नऊऐवजी नव्वद डॉलरची बोली लागली. पुढची अकरा मिनिटं मी देव्हाऱ्यापुढे उभा होतो, समोरच्याने एक्क्याण्णव लावावेत म्हणून. लावले. त्याचं भलं होवो.

टिन कपच्या डागानंतर मात्र सूनबाईंनी बैठक घेतली. दुर्मीळ शिक्के विकत घेणं बंद. मुलाने उतारा सुचवला: त्या गावांपैकी जी अजून जिवंत आहेत तिथे आपणच जाऊ, आपली कार्डं त्यांच्याकडून शिक्का मारून घेऊ. पेट्रोल त्याचं. मी होकार द्यायला एक सेकंदही लावला नाही. नातवाच्या संगतीने तेवढा वेग आलाय.

शनिवारी निघालो. पहिल्यांदा सेंट एल्मो. गाव ओसाड. एक रस्ता आणि दोन्हीकडे काळवंडलेल्या लाकडी इमारती, खोट्या उंच दर्शनी भिंतींच्या. इथलं पोस्ट 1952 पर्यंत तग धरून होतं. मी बंद दारांच्या फटींतून आत डोकावत हिंडलो. एका फटीतून दिसलेली फळी मला काउंटरची वाटली. बाकीचे सगळे तोवर इवल्याशा खारींना सूर्यफुलाच्या बिया चारत होते. त्या खारी इतक्या माजलेल्या, की एक माझ्या बुटावर चढून खिशाचा अंदाज घेऊ लागली. इथून खिंड ओलांडली की पलीकडे टिन कप, मी मुलाला म्हटलं. त्याने दगडधोंड्यांच्या त्या जीपच्या वाटेकडे बघितलं, मग स्वतःच्या हप्त्यावरच्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, नाही."

त्यामुळे वाटेतल्या एका जित्याजागत्या डोंगरी गावात थांबलो. पोस्ट एका खोलीचं. काउंटरमागे चष्मा साखळीला अडकवलेली एक बाई. त्या उंचीवर दोन पायऱ्या चढून मला धाप लागली होती, म्हणून माझं इंग्रजी तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडलं: हाताने... शिक्का... कृपा करून... स्वच्छ. बाईंना वाटलं मला पाणी हवंय. पाणी दिलं. मग मी कार्ड पुढे केलं.

कार्डावर मी आदल्या रात्री सरांचा पत्ता लिहिला होता. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, घर तेच. मजकूर चारच ओळींचा: सर, नमस्कार. डोंगरातल्या खाणकाम्यांच्या गावातून हे कार्ड पाठवतोय. शिक्का तुमच्यासाठी नीट मारून घेतलाय. मागचं विसरा.

बाईंनी ड्रॉवरमधून चार आडव्या रेघांचा गोल शिक्का काढला. तारीख तपासली. पॅडवर एकदा टेकवला. आधी एका कोऱ्या कागदावर ठसा घेऊन जादा शाई काढून टाकली. मी हे बघतच राहिलो. छत्तीस वर्षांत माझ्या डोक्यात ही गोष्ट आली नव्हती. मग त्यांनी कार्डाखाली रबराचा तुकडा सरकवला, शिक्का तिकिटावर बरोबर मधोमध धरला, किंचित (हा खरा किंचित) डावीकडून उजवीकडे झुकवून दाबला आणि उचलला. गावाचं नाव, तारीख, वर्ष, सगळं कोरल्यासारखं. तिकिटाच्या मधोमध बसलेल्या अशा ठशाला इथली शौकीन मंडळी 'नाकावर ठोसा' म्हणतात. मला तो पोटात बसला.

मी म्हटलं, बाई, मीही पोस्टातला. त्यांनी विचारलं, मग तुम्ही कसा मारायचा? मुलगा मागून म्हणाला, "दाखवू नका बाबा." मी काउंटरवर मोकळ्या मुठीनेच दाखवलं. ठक-ठप, ठक-ठप. बाईंनी शिक्का हळूच ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद केला.

कार्ड टाकलं. घरी येऊन मी दिवस मोजायला लागलो. सोळाव्या दिवशी सरांच्या नातीच्या नंबरावरून व्हॉट्सॲपला फोटो आला. कार्ड पोचलं होतं. पत्ता दिसत होता. चार ओळी दिसत होत्या. तिकीटही अर्धं दिसत होतं. आणि बाईंच्या त्या शिक्क्याच्या बरोबर डोक्यावर, मनगट सैल सोडून, भरपूर शाईने, आमच्या तालुक्याच्या पोस्टाने पोच झाल्याचा आपला शिक्का मारला होता. ठप. मी फोटो मोठा केला. झोक डावीकडे, खालची कड दुहेरी उमटलेली. हात ओळखला मी. पोराला पहिल्या दिवशी शेजारी बसवून मीच शिकवलं होतं.

फोटोखाली सरांचा निरोप होता: "कार्ड मिळालं. आनंद झाला. शिक्का ओळखला."